नळवाली गोळी आणि बाबूकाकांच्या मुंग्या

मेडिकल स्टोअरमध्ये दोन गोष्टी साचतात. एक्सपायरी माल आणि किस्से. माल निदान कंपनी परत घेते. किस्से कोण घेणार? ते माझ्याकडेच पडून राहतात, आणि गंमत अशी की जितके जुने होतात तितके जास्त खपतात!

माझं दुकान डहाणूत, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दुकानासमोर वडिलांच्या वेळचं एक लाकडी बाकडं आहे. औषधाला आलेल्या माणसाने पाच मिनिटं टेकावं म्हणून त्यांनी ते ठेवलं होतं. पण पाच मिनिटं टेकणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचाय. वाडीत पाणी सोडून झालं की चिकूवाले, भाजीवाले, फरसाणवाले एकेक करून येतात आणि बसतात ते जेवणाच्या वेळेलाच उठतात. बहुतेकांना शुगर. म्हणून मी बाकड्याला 'शुगर कमिटी' म्हणतो. त्यांना राग येत नाही. त्यांना कशाचाच राग येत नाही, हीच तर माझी अडचण आहे.

तर ह्या कमिटीत एका गोळीने जो धुमाकूळ घातला तो सांगतो. गोळीचं खरं नाव लांबलचक, शेवटी 'फ्लोझिन' येतं. ते कोणाच्या जिभेवर बसेना. आमच्या डॉक्टर मॅडमनी समजावलं होतं, "ही गोळी किडनीतला एक नळ थोडा उघडते. रक्तातली जादा साखर लघवीवाटे निघून जाते, सोबत थोडं मीठ-पाणीही जातं. शुगर उतरते आणि हार्टलाही आराम पडतो."

एवढ्या सगळ्यातून कमिटीने एकच शब्द उचलला. तेव्हापासून ती 'नळवाली'. आता लोक चिठ्ठीही दाखवत नाहीत. काउंटरवर येऊन सरळ सांगतात, "हेमंतभाई, एक नळवाली द्या!"

*

कमिटीचे अध्यक्ष बाबूकाका. सत्तरीला टेकलेले, खांद्यावर टॉवेल, गावाबाहेर चिकूची वाडी. घर वाडीच्या तोंडाशी आणि दुसरं टोक पार खाडीच्या बांधाला. रोज सकाळी त्या टोकापर्यंत जाऊन शेवटच्या झाडाखाली घटकाभर बसायचं आणि मग परत यायचं, हा त्यांचा जन्माचा नेम.

मागच्या वर्षी हा नेम मोडला. अर्ध्या वाटेवर पंपाची खोली आहे, तिथेच दम लागायला लागला. पाय सुजले. सुमनकाकू त्यांना मॅडमकडे घेऊन गेल्या आणि रिपोर्ट समजायला सोबत मला ओढलं.

टू-डी इको झाला. मॅडम पुण्याच्या, इथे नव्यानेच आलेल्या, हुशार आणि अगदी हळू बोलणाऱ्या. म्हणाल्या, "काका, हार्ट म्हणजे एक पंप असतो."

बस्स! वाडीवाल्यासमोर पंप हा शब्द काढायचा नसतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"किती एचपीचा?" काकांनी विचारलं.

"तसं नाही हो. चांगला पंप दर ठोक्याला त्याच्यातलं पन्नास-साठ टक्के रक्त पुढे ढकलतो. तुमचा तीसच ढकलतोय."

"फूटव्हॉल्व्ह गेला असेल."

मॅडमनी रिपोर्ट पुन्हा पाहिला. "नाही, व्हॉल्व्ह चांगले आहेत."

"मग वाइंडिंग जळलं. उंबरगावला एक माणूस आहे, झकास रिवाइंडिंग करून देतो."

"काका, ह्याचं रिवाइंडिंग होत नाही. ह्याच्यावरचा लोड कमी करायचा. औषधं नियमित घेतलीत तर हा पंप हळूहळू आपला आपण सुधारूही शकतो."

"आपला आपण?" काका माझ्याकडे वळले. "हेमंत, चाळीस वर्षं पंप वापरतोय. असा एक पण नाय भेटला!"

मॅडमनी चार गोळ्या लिहिल्या, त्यात एक नळवाली. काकांना शुगर होतीच, म्हणजे एका गोळीत दोन कामं. निघताना काकांनी दारात थांबून विचारलं, "मॅडम, वाडीच्या टोकापर्यंत जाता येईल का परत? आता मी अर्ध्याच वाडीचा मालक राहिलोय."

"प्रयत्न करू," मॅडम म्हणाल्या. "पण मला विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही. बंद केलीत तर टोक सोडा, पंपाची खोलीही लांब पडेल."

बाहेर आल्यावर काकूंनी मला बाजूला घेतलं. "हेमंत, तीस म्हणजे फारच कमी का रे?"

"वाढतं, काकू," मी म्हणालो. पण खरं सांगतो, मला स्वतःलाच खात्री नव्हती.

*

कमिटीत दुसरे मातब्बर म्हणजे रमणभाई. त्यांचं फरसाणचं दुकान माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर, तरी येतात स्कूटरवर बसून. देह असा, की ते बाकड्यावर बसले की दुसऱ्या टोकाचा माणूस आपोआप थोडा उचलला जातो. बाबूकाकांचे शाळेपासूनचे दोस्त. शुगर त्यांनाही, नळवाली त्यांनाही.

नळाचं तत्त्वज्ञान त्यांना एकदम पटलं. "जुओ, खाली नळ चालू छे ने? मग वरून टाकीत भरायला काय हरकत?"

बाकड्यावर तासभर भाव ठरवणं चाललं. एका गोळीमागे किती चिकू माफ? जिलेबी कशात धरायची? बासुंदीला वेगळा रेट लावायचा का? काका म्हणाले चिकू घरचा असेल तर धरायचाच नाही. शेवटी एका गोळीला दोन चिकू किंवा एक जिलेबी, असा ठराव एकमताने पास झाला. मी काउंटरमागून ओरडत होतो, "अरे, असं नसतं!" अल्पमतातल्याचं कोण ऐकतं?

महिन्याने रमणभाईंची शुगर तपासली. कमी व्हायची सोडून वर गेली होती. ते तणतणत मॅडमकडे गेले. "मॅडम, आ गोळी खोटी छे! काम नाय करत!"

मॅडमनी शांतपणे काय काय खाल्लं ते विचारलं. रमणभाई माणूस प्रामाणिक. ठरावासकट सगळं सांगितलं.

मॅडम आपल्या त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "रमणभाई, नळ अर्ध्या इंचाचा आहे. तुम्ही वरून अग्निशामक बंब सोडलात!"

*

उधव्याचा लक्ष्मण ट्रक चालवतो. आठवड्यातून एकदा गाडी घेऊन इकडून जातो, तेव्हा औषधं माझ्याकडून नेतो. त्याला नळवाली सुरू झाली आणि पंधरा दिवसांत तो दुकानात येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले.

"शेठ, ही गोळी नको. अच्छाडच्या चेकनाक्यावर गाड्यांची लाइन लागते. पुढे सरकायची वेळ आली की नेमकी मला एकी लागते. खाली उतरलो की मागचे सगळे हॉर्न मारतात. म्हणून मी पाणी प्यायचंच बंद केलं. आता चक्कर येते."

मी हात जोडले. तसाच मॅडमकडे पाठवला. मॅडमनी त्याला चांगलं झापलं. ह्या गोळीवर असताना पाणी तोडायचं नाही, उलटी-जुलाब झाले किंवा जेवण सुटलं की लगेच डॉक्टरला विचारायचं, आणि उपास करायचा असेल तरी आधी विचारायचं. लक्ष्मणने मान डोलवली आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन केबिनमध्ये ठेवला.

पुढच्या खेपेला काय झालं, ते त्याच्याच तोंडून. अच्छाडला लाइनीत गाडी उभी. हा उतरून धावत झुडपाकडे निघाला. तपासणीवरच्या एका साहेबाने पाहिलं. ट्रक सोडून ड्रायव्हर पळतोय म्हणजे आत नक्की भानगड! शिट्टी मारून दोघांनी त्याला पकडलं.

"क्यूं भागा?"

"साहेब, गोली का असर है!"

आता तुम्हीच सांगा, असं उत्तर कोणी देतं? साहेबांचे डोळे मोठे झाले. "गोली? कौनसी गोली? निकाल!"

लक्ष्मणने एका हाताने पँट सावरत दुसऱ्या हाताने खिशातली पट्टी काढून दिली. साहेबांनी ती उलटीपालटी करून नीट वाचली. मग इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच आपल्या वरच्या खिशातून तश्शीच पट्टी काढली.

"इकडे नको जाऊस, काटे आहेत," साहेब एकदम मराठीत आले. "त्या टपरीच्या मागे जा. मी तिथेच जातो!"

*

सायवनकडच्या एका गुरुजींना शुगर नाहीच. पण हार्टचं पंपिंग कमी, म्हणून मॅडमनी त्यांनाही नळवाली लिहिली. गुरुजी चिठ्ठी घेऊन आले, मी गोळ्या दिल्या, आणि ते दुसऱ्या दिवशी तावातावाने परत आले.

"तुम्ही मला मधुमेहाची गोळी दिलीत! मुलाने मोबाइलवर शोधलं. मला मधुमेह नाही. मला हृदयाचं दुखणं आहे!"

मी सांगितलं, "गुरुजी, ही निघाली शुगरसाठी. पण वापरता वापरता लक्षात आलं, की ही हार्टलाही सांभाळते. आता शुगर नसली तरी कमजोर हार्टला देतात."

गुरुजींचा विश्वास बसेना. मॅडमना फोन लावून दिला. मॅडमनी पाच मिनिटं समजावलं. गुरुजींचं समाधान झालं. गोळी मानवलीही. दोन महिन्यांत जिना न थांबता चढायला लागले.

पण परवा आले ते फारच खिन्न. मी विचारलं, "काय गुरुजी, त्रास होतोय का गोळीचा?"

"गोळीचा नाही हो," ते म्हणाले. "मंडळींचा! सगळ्या गावाला सांगून झालं की ह्यांना शुगर लागली. चहा बिनसाखरेचा, लग्नात जिलेबी बंद, शाळेत वाढदिवसाची चॉकलेटं मुलं माझ्यासमोरून परत नेतात. शुगर नाही, पण साखर बंद!"

*

एक किस्सा आडून आडून सांगतो, समजून घ्या.

साखर ज्या वाटेने बाहेर जाते, त्या वाटेवर कधीकधी खाज सुटते. स्वच्छ धुवायचं, कोरडं ठेवायचं, नाहीच थांबली तर डॉक्टरांना सांगायचं. साधी गोष्ट. पण पुरुषमाणसाला सांगायची लाज!

एक भाजीवाले पाटील दुकानात आले. आधी साबण घेतला. मग कंगवा. मग खोकल्याच्या गोळ्या, बँडेज, लहान बाळाची पावडर. घरात लहान बाळ नाही, हे सगळ्या गावाला माहीत. बाकड्यावर कमिटी फुल्ल. पाटील बघतात, कमिटी उठत नाही. परत एक कंगवा घेतला!

तेवढ्यात बाबूकाका बसल्या जागेवरून म्हणाले, "हेमंत, त्याला ते पांढऱ्या ट्यूबमधलं मलम दे. मला पण तेच दिलेलं मॅडमनी."

"मला तर दोन ट्यूब लागल्या," रमणभाई म्हणाले.

तिसरा म्हणाला, "धुऊन झाल्यावर नीट पुसत जा रे. मी आळस केला आणि भोगलं!"

पाटलांनी एक मोठा श्वास सोडला, कंगवा परत केला आणि बाकड्यावर जागा करून घेतली. त्या दिवसापासून ते कमिटीचे कायम सभासद आहेत.

*

आता मुंग्या.

वाडीवाल्याच्या घरात दोन-दोन टाइल्सवाली टॉयलेट झाली, तरी पहाटेची पहिली धार वाडीतच पडते. त्याला इलाज नाही. बाबूकाकांची जागा ठरलेली. घरामागचं पहिलं चिकूचं झाड.

नळवाली सुरू होऊन काही आठवडे झाले आणि त्या झाडाला मुंग्या लागल्या. साध्यासुध्या नाहीत, पलटणच! काकांना घोर लागला. त्यांनी चुन्याचा पट्टा मारला, हळद टाकली, काही उपयोग नाही. शेवटी कृषी खात्यातल्या ओळखीच्या तरुण साहेबांना बोलावलं.

साहेब अभ्यासू. म्हणाले, "मुंग्या आल्या म्हणजे वर पिठ्या ढेकूण असणार. तो गोड चिकटा सोडतो आणि त्याच्यामागे मुंग्या येतात." भिंग घेऊन शिडी लावून वर चढले. पान न् पान पाहिलं. ढेकूण नाही, चिकटा नाही, झाड ठणठणीत.

"नवलच आहे," साहेब घाम पुसत म्हणाले. "मुंग्या वर चढतच नाहीत. बुंध्याशी येतात आणि तिथूनच परत जातात. बुंध्याला काय घालता?"

"शेणखत."

"अजून?"

"अजून काय नाय," काका म्हणाले. त्यांच्या मते ते खरंच बोलत होते.

दोघं तिथून माझ्या दुकानात आले, साहेबांना लिंबूपाणी पाजायला. बाकड्यावर चर्चा पेटली. एक म्हणाला माती तपासा, दुसरा म्हणाला कोणाची तरी नजर लागली. साहेब म्हणाले, फोटो वरच्या तज्ज्ञांना पाठवतो. तेवढ्यात मॅडम दवाखान्यासाठी सलाइनच्या बाटल्या घ्यायला आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "काका, सकाळी उठल्यावर पहिलं कुठे जाता?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं, जे मघाशी त्या बुंध्यापाशी मांडी घालून बसले होते आणि मातीचा वास घेऊन पाहत होते.

साहेबांनी हातातला लिंबूपाण्याचा ग्लास खाली ठेवला. "हात कुठे धुऊ?" एवढंच म्हणाले.

कमिटी हसून हसून बाकड्यावरून पडायची बाकी राहिली. मॅडमही पदर तोंडाला लावून हसल्या. पण सुमनकाकूंना ही हकिकत समजली तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी वेगळाच हिशेब केला.

"बरं झालं," त्या मला म्हणाल्या. "गोळी मी हातावर ठेवते. पण हा माणूस ती गिळतो की मोरीत टाकतो, कोण बघतंय? आता मुंग्याच सांगतील!"

आणि त्या रोज सकाळी पूजेची फुलं काढायच्या आधी त्या झाडापाशी जाऊन मुंग्या बघायला लागल्या.

*

ह्याच मुंग्यांनी पुढे रामायण घडवलं.

गावात फुकट तपासणीचं एक शिबिर झालं. फुकट म्हटल्यावर कमिटी तिथे पहिल्या रांगेत. तिथल्या एका पोराने काकांच्या लघवीत पट्टी बुडवली आणि ओरडला, "बाप रे काका, साखर चार प्लस! तुमचं औषध लागूच पडत नाही!"

काका घाबरले. मला विचारायचं, मॅडमना विचारायचं. छे! घरी येऊन गुपचूप नळवाली बंद केली. ती नाही तर बाकीच्या तरी कशाला, म्हणून त्याही. काकूंनी हातावर दिलेल्या गोळ्या टॉवेलात बांधायच्या आणि वाडीत पुरायच्या.

पण मुंग्या? चार दिवसांत बुंधा ओस पडेल आणि काकू पकडतील! मग काकांनी डोकं चालवलं. दोस्त कशासाठी असतात?

पुढे आठवडाभर भल्या सकाळी एक स्कूटर वाडीच्या मागच्या फाटकाशी थांबत होती. रमणभाई उतरायचे, झाडापाशी जायचे, दोस्तीचं कर्तव्य पार पाडायचे आणि निघायचे. मुंग्या खूश. काकू खूश.

एक दिवस चतुर्थी होती, म्हणून काकू फुलं काढायला लवकर उठल्या. बघतात तर झाडापाशी पाठमोरा एक डोंगर उभा, आणि बाजूला त्यांचे यजमान टॉवेल खांद्यावर टाकून पहाऱ्याला.

"रमणभाई!" काकू गरजल्या. "तुमच्या घरचं पाणी गेलंय का?"

बिचाऱ्या रमणभाईंना वळता येईना, पळता येईना आणि थांबवता तर मुळीच येईना. तसेच पाठमोरे म्हणाले, "भाभी, बे मिनिट!"

काकू पुढे बोलणार होत्या, पण त्यांची नजर काकांच्या पायांकडे गेली. चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. पाय फुगून टम्म झाले होते.

मी दुकानाचं शटर उघडत होतो तेव्हा त्या आल्या. आधी खूप ओरडल्या. काकांवर, रमणभाईंवर, त्या शिबिरातल्या पोरावर, माझ्यावरही. मग बाकड्यावर बसल्या आणि रडायलाच लागल्या. "मुंग्यांना फसवलं रे ह्यांनी. पण पायांना कसं फसवणार?"

काकांना ॲडमिट करावं लागलं. छातीत पाणी साठायला लागलं होतं. मॅडमचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चढलेला मी ऐकला.

"काका, लघवीत साखर येणं हेच ह्या गोळीचं काम! नळाला पाणी आलं, म्हणून नळ बिघडला असं म्हणता का तुम्ही?"

काका नाकाला ऑक्सिजन लावून पडलेले. हळूच म्हणाले, "म्हणजे चार प्लस म्हणजे मी पास होतो?"

"पहिल्या नंबराने पास होतात! आणि पेपर फाडून टाकलात!"

ते दिवस मला आठवायला नको वाटतात. बाकड्यावर सगळे यायचे, खरोखरच पाच मिनिटं टेकायचे आणि उठून जायचे. रमणभाई तर बसायचेही नाहीत. उभ्या उभ्या विचारायचे, "केम छे एने?" आणि निघून जायचे. एका संध्याकाळी मला म्हणाले, "हेमंतभाई, में तो दोस्तीमां कऱ्यूं. दोस्ताला मीच मारत होतो की काय?" मी त्यांना बाकड्यावर बसवलं आणि चहा सांगितला.

काका घरी आले, बारीक होऊन. नळवाली परत सुरू झाली, बाकीच्या गोळ्याही. पंपाच्या खोलीपर्यंतसुद्धा जायला काकूंनी बंदी घातली. घर, अंगण, मागचं झाड, आणि दुपारी बाकडं. तेही रमणभाईंच्या स्कूटरवर मागे बसून. मुंग्या परत आल्या. काकूंची तपासणी पुन्हा सुरू झाली, आणि आता रमणभाईंना त्या वाडीत सकाळी पाय ठेवायची मनाई होती.

*

आणि मग हा परवाचा किस्सा.

सकाळी दुकान उघडलं न उघडलं, तोच काकू समोर. पदर खोचलेला. "हेमंत, मुंग्या गेल्या!"

"म्हणजे?"

"तीन दिवस झाले. झाडाला एक मुंगी नाही. ह्यांनी परत गोळी बंद केली. विचारलं तर म्हणतात, घेतोय. आत्ता घरात पण नाहीत. हाका मारून थकले. चल आधी!"

मी शटर तसंच अर्ध्यावर सोडलं. रमणभाई नुकतेच बाकड्यावर टेकले होते. काकूंनी त्यांना बोटाने उठवलं. "तुम्ही पण चला. तुमच्याशी वेगळं बोलायचंय मला!"

"भाभी, हूं तो..." रमणभाई म्हणत राहिले, पण उठले.

वाडीत पोचलो. मागचं झाड बघितलं. बुंधा स्वच्छ. अंगणात काका नाहीत. पंपाच्या खोलीपाशी नाहीत. पंप बंद होता, त्यामुळे वाडीत अगदी शांत होतं. काकू हाका मारत होत्या, "अहो! अहो!" आणि प्रत्येक हाकेला त्यांचा आवाज बारीक होत होता. मी झाडाझाडाखाली बघत पुढे चाललो होतो. काय दिसेल ह्याची मला भीती वाटत होती. मागे रमणभाई प्रत्येक झाडाला हात टेकून दम खात येत होते.

पंपाच्या खोलीपुढची वाट काकांनी गेल्या वर्षापासून ओलांडली नव्हती. पण वाटेवरचं गवत मळलेलं दिसलं. काकू थांबल्या, त्यांनी ते पाहिलं आणि मग भराभर चालायला लागल्या.

वाडी संपली. समोर खाडीचा बांध. आणि शेवटच्या झाडाखाली, टॉवेल अंथरून, आरामात पाय पसरून बाबूकाका बसलेले. पाय सडपातळ. श्वास आमच्यापेक्षा शांत. हातात अर्धा चिकू.

आम्हाला बघताच त्यांनी चिकू पाठीमागे लपवला. "एकच आहे," म्हणाले.

चिकूकडे काकूंचं लक्षच नव्हतं. त्या झाडाच्या पलीकडे गेल्या आणि वाकल्या. बुंध्याशी मुंग्यांची ही जाड रांग लागली होती.

काकूंनी मुंग्यांकडे पाहिलं. मग वळून मागे पाहिलं. झाडांच्या रांगांच्या पार पलीकडे घराचं कौल तेवढं दिसत होतं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण चेहऱ्यावर संशय काही हटेना.

तेवढ्यात रमणभाई पोचले. घामाने निथळत, छातीवर हात, तोंडाने भात्यासारखा आवाज. येऊन बांधावर धपकन बसले.

काकूंनी कमरेवर हात ठेवले. "रमणभाई, खरं सांगा. ह्या तुमच्या तर नाहीत ना?"

"भाभी, तमारा सम!" रमणभाईंनी गळ्याला हात लावला. "इथे तर मी आज पहिल्यांदाच आलो. आता परत कसा जाऊ, तेवढं सांगा!"